पहिल्या पावलाचा वेळ

माझं काम काय, हे नातेवाइकांना सांगून मी दमले आहे. मी सिग्नल बसवते, पण रस्त्यावर नाही, कॉम्प्युटरमध्ये. पडद्यावर सर्कलचा, म्हणजे चौकाचा, नकाशा घ्यायचा, त्यावर रस्ते ओढायचे, रस्त्यांवर गाड्या सोडायच्या आणि मग कुणाला कधी हिरवा द्यायचा ते ठरवायचं. वरून पाहिलं की गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात, बस म्हणजे जरा लांबट मुंगी. एका मावशीने भर लग्नात विचारलं होतं की रस्त्यावर उभं राहून पोलीस जे करतो ते तू खुर्चीत बसून करतेस होय. मी म्हटलं, हो, उंटावरून शेळ्या हाकते. माझ्या नाकावर कायम राग असतो असं घरी म्हणायचे, ते काही खोटं नाही.

त्याच लग्नात मावशीला मी एक गोष्ट समजावली होती, ती तेवढी तिला पटली. सिग्नलचं काम पंगतीसारखं असतं. एका पंगतीत कुणीकुणी एकत्र बसायचं हे आधी ठरवावं लागतं. ज्यांची एकमेकांशी टक्कर होणार नाही अशाच दिशांना एकत्र हिरवा मिळतो, आणि अशा एका पंगतीला आमच्यात स्टेज म्हणतात. एक पंगत उठली की लगेच दुसरी बसवता येत नाही. पानं उचलायची, जमीन पुसायची, मग पुढचे. तसंच एक स्टेज संपली की थोडा वेळ सगळ्यांनाच लाल द्यायचा, म्हणजे सर्कलच्या मधोमध राहिलेली शेवटची स्कूटर बाहेर पडते. नवीन होते तेव्हा मी हा पुसण्याचा वेळ भरायलाच विसरले होते. पडद्यावर गाड्या एकमेकींच्या आरपार जायला लागल्या, टेम्पोच्या पोटातून रिक्षा निघाली. आमचे साहेब मागे उभे होते. ते कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, भुतांच्या गावाचं काम घेतलंय का आपण?" मॉडेलमध्ये कुणी मरत नाही, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.

पायी चालणारे आमच्या धंद्यात शेवटच्या पंगतीला बसतात. गाड्यांचं सगळं आटोपलं की जे उरेल ते त्यांचं. मला यात काही गैर वाटायचं नाही. मी स्वतः स्कूटरवरून जाते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सरगूरच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. आमचं कुणीतरी कधीतरी फौजेतून इथे आलं आणि इथलंच झालं. तलवार घरात कुणी पाहिलेली नाही, पण ताठ मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अप्पा आठवडाभर सरगूरला राहायचे, शनिवारी दुपारच्या बसने जयलक्ष्मीपुरमला घरी यायचे, आणि स्टॉपवरून घरापर्यंत असे चालत यायचे की मागे शंभर पोरं येतायत असं वाटावं. शाळेत ते कन्नडमध्ये पावलं मोजून घ्यायचे. एड म्हणजे डावा, बल म्हणजे उजवा. एड, बल, एड, बल. मी लहानपणी त्यांच्याबरोबर बाजारात जायचे तेव्हासुद्धा पिशवी हलवत मनातल्या मनात तेच म्हणायचे.

अशा माणसाला पार्किन्सन झाला. आई नव्हती तेव्हा. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी लग्न केलेलं नव्हतं, म्हणजे घरात आम्ही दोघंच. आधी हाताला कंप आला, मग आवाज बारीक झाला, आणि मग पाय. लोकांना वाटायचं त्यांना चालता येत नाही. तसं नव्हतं. एकदा निघाले की ते चालायचे. निघायचं कसं तेच त्यांच्या पायांना आठवायचं नाही. दारात, पायरीशी, जिथे जमीन बदलते तिथे ते उभे राहायचे आणि तळवे जमिनीला चिकटायचे. तोंड शांत, सगळं कळतंय, आणि पाय उचलत नाही. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून मी चिडायचे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं की जमिनीवर आडव्या रेघा असल्या तर असे लोक चालतात, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. शिवाय ताल धरला तर आणखी बरं. ताल काय, तो घरचाच होता. मी दारात "एड" म्हणायचे, आणि अप्पांचा डावा पाय खरंच उठायचा. पहिल्यांदा तो उठला तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माझीच कवायत मलाच शिकवतेस, अल्वा?" अल्वा म्हणजे कन्नडमध्ये 'हो ना', आणि हसले. त्या आजारात चेहऱ्यावर हसू उमटायला फार वेळ लागतो, पण उमटलं.

रेघांचं काम काकांनी केलं. काका म्हणजे अप्पांचे दोस्त. आमचं घर एका सर्कलला लागूनच आहे, त्याच्या पलीकडच्या बाजूला त्यांचं शिलाईचं दुकान. राहायचे मात्र आमच्याच बाजूला, आमच्या मागच्या गल्लीत. पिढीजात शिंपीकाम, दुकानात विठोबाचा फोटो, आणि फोटोखाली इस्त्री. त्यांनी आपला कापडावर खुणा करायचा चपटा खडू आणला आणि आमच्या हॉलभर आडव्या रेघा ओढल्या, पट्टी लावून, एकसारख्या. दुकानातही दारापासून अप्पांच्या स्टुलापर्यंत तशाच ओढल्या. फरशी पुसली की रेघा जायच्या. दर दोन-तीन दिवसांनी काका येऊन पुन्हा ओढायचे. कामवालीने पहिल्या आठवड्यात विचारलं, हे काय नवीन रांगोळीचं खूळ. मी तिला पुसू नको म्हटलं, काका म्हणाले पूस, मला आवडतं ओढायला.

अप्पा निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी त्या दुकानात बसत. एक कॉफी मागवायची, दोघांत वाटून घ्यायची, आणि दुकान बंद होईपर्यंत बोलायचं. मराठीत, म्हणजे आमच्या मराठीत. मी शिकायला पुण्याला गेले तेव्हा माझ्या बोलण्याला पोरी हसायच्या, म्हणून मी ते बोलणं तिथेच सोडून आले आणि पुस्तकी मराठी घेऊन परतले. अप्पांशी मी तसं बोलले की ते म्हणत, रेडिओ बंद कर गे. घराबाहेर त्यांना त्यांच्या भाषेत बोलणारा एकच माणूस उरला होता, आणि तो रस्त्याच्या पलीकडे होता.

आणि तो रस्ता. कॉलेजची पोरं, बस, स्कूल व्हॅन, सगळं एकाच वेळी, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. सिग्नल होता, पण गाड्यांचा. माणसांनी आपापल्या नशिबाने जायचं. अप्पांना कुणीतरी हात धरून न्यावं लागायचं. मी ऑफिसातून लवकर आले तर मी, नाहीतर काका दुकान उघडं टाकून इकडे यायचे. अप्पांना हे सगळ्यात जास्त लागत होतं. आंघोळीला मदत चालायची, शर्टाची बटणं मी लावली तर चालायचं. रस्त्यावर हात धरला की ते तो झिडकारायचे.

"शाळेतली पोरं मी रांगेनं रस्त्यापार नेली. मला हात धरून नेतात, बघ. मी एकटा जाणार."

"अप्पा, मधे पाय अडकला तर?"

"तर उभा ऱ्हाईन. उगं सुम्ने बडबड करू नको."

एका संध्याकाळी ते खरंच एकटे निघाले. मी घरी पोचले तर ते फूटपाथच्या कडेला उभे, समोर रस्ता, पाय चिकटलेले. किती वेळ उभे होते कोण जाणे. पलीकडे काका दुकानाच्या दारात उभे राहून हात हलवत होते, येऊ नको म्हणून की ये म्हणून ते काही कळेना. मी अप्पांचा हात धरला. या वेळी त्यांनी तो झिडकारला नाही, आणि मला झिडकारल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या दिवसापासून ते दुकानात जायचंच टाळू लागले. आज कंटाळा आहे, म्हणायचे. कंटाळा हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

नेमकं त्याच सुमाराला आमच्या ऑफिसकडे काही सर्कल नव्याने आखायचं काम आलं, आणि यादीत हे सर्कल होतं. मी साहेबांना म्हटलं, हे मी करते. घर जवळ आहे, पाहणी सोपी पडेल. खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, ऑफिस छोटं आहे.

मी चार स्टेज मांडल्या. पहिल्या तीन गाड्यांच्या. चौथीत सगळ्या गाड्यांना लाल, चारी बाजूंनी फक्त माणसं. साहेबांनी मॉडेल चालवून पाहिलं आणि मान हलवली. चौथ्या स्टेजमुळे बसची रांग मागच्या सर्कलपर्यंत जात होती. पडद्यावर लाल मुंग्यांचं शेपूट वाढतच चाललं होतं. ते म्हणाले, "माणसांना आडव्या रस्त्यावरच्या गाड्यांबरोबरच सोडा की, मॅडम. वळणाऱ्या गाड्या थांबतील त्यांच्यासाठी." मी म्हटलं, "सर, मॉडेलमध्ये थांबतील." मॉडेलमधला ड्रायव्हर माणूस दिसला की थांबतो, कारण आम्ही त्याला तसं सांगितलेलं असतं. म्हैसूरच्या ड्रायव्हरला कुणी काही सांगितलेलं नाही.

चौथी स्टेज साहेबांनी कशीबशी मान्य केली, पण आखूड. रस्त्याची रुंदी भागिले माणसाचा वेग, एवढाच वेळ. मी अप्पांचा वेग घातला. फिजिओथेरपीच्या बाईंच्या कॉरिडॉरमध्ये त्यांना चालताना पाहिलं होतं, त्यावरून. सॉफ्टवेअरमध्ये पायी चालणाऱ्यांचे प्रकार करता येतात, तरुण, मुलं, वृद्ध. मी एक नवा प्रकार केला आणि त्याला नाव दिलं 'अप्पा'. मॉडेल चालवलं. पडद्यावरचा तो ठिपका हळूहळू निघाला, आणि हिरवा संपायच्या आत पलीकडे पोचला. मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन शिरा केला.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असताना मी अप्पांना घेऊन सर्कलवर गेले. म्हटलं, मी "हिरवा" म्हणेन तेव्हा निघायचं, हात धरणार नाही. मी हिरवा म्हणाले. अप्पा उभे राहिले. पाय चिकटलेले, नजर समोरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, ओठ हलतायत. एड. एड. एड. फूटपाथच्या कडेपासून पहिल्या पट्टीपर्यंत नुसतं काळं डांबर होतं, आणि तेच त्यांना ओलांडता येत नव्हतं. मग एकदम पाय उठला, पट्टीवर पडला, आणि त्यानंतर ते असे गेले की मी मागे राहिले. एड, बल, पट्टी, पट्टी. पण माझ्या हिशेबातला हिरवा तोपर्यंत कधीच संपला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाड्यांसाठी आम्ही हा वेळ धरतो! हिरवा झाला की पहिली गाडी लगेच निघत नाही, ड्रायव्हर मोबाइल ठेवतो, गिअर टाकतो, दोन क्षण जातात, आणि ते दोन क्षण आमच्या हिशेबात असतात. इतकी वर्षं मी ते भरत आले. माणसाला मात्र हिरवा झाला की तो निघाला, असं आम्ही धरून चाललो होतो. इंजिनाला पहिलं पाऊल टाकायला वेळ लागतो हे आम्हाला मान्य होतं. पायांना लागतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं. मला सर्कलवर उभं राहून रडू आलं, आणि अप्पा पलीकडून आपल्या बारीक आवाजात ओरडले, "येतेस की तिथंच ऱ्हातेस?"

सोमवारी मी 'अप्पा' नावाच्या ठिपक्याला कडेवर थांबायला लावलं, आणि चौथी स्टेज तेवढी लांबवली. बसचं शेपूट पुन्हा वाढलं. त्यानंतरच्या बैठकीत पालिकेचे अधिकारी होते, त्यांनी पडद्यावरची रांग पाहिली आणि विचारलं की एवढा वेळ माणसं करणार काय, फिरायला जाणार का रस्त्यावर. मी उठून काहीतरी तडकून बोलणार होते. साहेबांनी टेबलाखालून माझ्या खुर्चीला पाय लावला आणि शांतपणे म्हणाले, "सर, ही स्टेज रोज सारखी येणार नाही. खांबावर बटण ठेवू. कुणी दाबलं तरच येईल, नाहीतर गाड्या पुढे चालू." असं करता येतं, मलाही माहीत होतं. रागाच्या भरात सुचलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. बैठकीनंतर साहेब जिन्यात मला म्हणाले, "त्या प्रकाराचं नाव तेवढं बदला. अहवालात वडील कसे चालतील?" मी 'अप्पा' खोडून 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं.

खांब यायला, केबलसाठी रस्ता खणायला आणि तो पुन्हा बुजवायला दसरा उजाडला. तोपर्यंत अप्पांचा आजारही बसून राहिला नव्हता. गिळायला त्रास होऊ लागला होता, रात्री कूस बदलायला मला हाक मारावी लागायची. मी रोज ऑफिसला जाताना त्या अर्धवट खांबांकडे बघायचे आणि कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडायचे. मला भीती एकच होती, सिग्नल लागेल आणि पाय संपलेले असतील.

पण तेवढं झालं नाही. सिग्नल सुरू झाला त्या संध्याकाळी मी लवकर आले. अप्पांना इस्त्रीचा शर्ट घालून दिला. आमच्या फाटकापासून फूटपाथच्या कडेपर्यंत काकांनी दुपारीच खडूने रेघा ओढून ठेवल्या होत्या, आणि डांबराच्या त्या कोऱ्या पट्ट्यावरही. येणारेजाणारे बघत होते. अप्पा म्हणाले, "तू फाटकात थांब. पुढं यायचं नाही."

मी फाटकात थांबले. त्यांनी थरथरत्या हाताने बटण दाबलं. गाड्या थांबल्या. हिरवा माणूस उजळला. बाकीची माणसं भराभर निघून गेली, पोचलीसुद्धा, आणि रस्ता रिकामा झाला, चारी बाजूंनी गाड्या गुरगुरत उभ्या, आणि अप्पा अजून कडेवरच. कुणीतरी हॉर्न दिला. मी फाटकाची कडी हातात घट्ट धरली होती. मग पाय उठला. पाठ ताठ झाली. सरगूरच्या मैदानावर चालायचे तसे ते चालत गेले, आणि पलीकडच्या फूटपाथवर चढले तरी हिरवा चालूच होता. वेळ उरला होता! ते वळले नाहीत, हात केला नाही. शर्ट खाली ओढून सारखा केला आणि दुकानात शिरले. माझ्या आयुष्यात मी केलेलं एकही काम मला इतकं बरोबर वाटलेलं नाही.

त्यानंतर ते रोज जायचे. जाताना एकटे, येताना काका बरोबर, कारण काकांनाही इकडेच यायचं असायचं. काकांनी त्यांचा हात कधी धरला नाही. दुकान बंद करून दोघं कडेला उभे राहायचे, बटण दाबायचे, हिरवा व्हायचा, आणि दोघं उभेच. अप्पांचा पाय उठेपर्यंत काका आपला पाय उचलायचे नाहीत. मग दोघं एकदम निघायचे. मी गॅलरीतून बघायचे. दोघांची मिळून एक कवायतच होती ती.

हे किती दिवस चाललं, मी मोजलं नाही. थोडेच दिवस. थंडी पडली, अप्पांच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि ते घरी आले नाहीत. शेवटच्या दिवशी काका त्यांच्या पायाशी बसले होते, चादरीवरून पाय चेपत. "मेष्ट्रे," म्हणाले, आमच्या कन्नड मुलखात मास्तरला असं म्हणतात, "मेष्ट्रे, कॉफी आली, उठा की." अप्पांनी डोळे उघडले नाहीत. हॉलमधल्या रेघा नंतर बरेच दिवस तशाच होत्या. कामवालीने पुसल्या तेव्हा मी तिला ओरडले, आणि मग तिची माफी मागितली. काका पुन्हा ओढायला आले नाहीत. कुणासाठी ओढणार.

काही महिन्यांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर्कलचं काम झाल्यावर ते कसं चाललंय हे बघून दुरुस्ती करायची असते, ते आता करायचं होतं. तक्रारी आल्या होत्या. माणसांची स्टेज फार लांब आहे, माणसं अर्ध्या वेळात जातात, उरलेला वेळ रस्ता रिकामा आणि लोक हॉर्न मारतात. साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देऊ का?" मी म्हटलं, नको. माझं आहे, मीच करते.

संध्याकाळी मी सर्कलवर एका झाडाखाली उभी राहिले. तक्रार खरी होती. पोरं पळत जायची, बायका पिशव्या सावरत चटचट जायच्या, आणि मग रिकामा रस्ता, जळणारा हिरवा माणूस, आणि थांबलेल्या गाड्या. प्रत्येक वेळी तो उरलेला वेळ यायचा आणि त्यात कुणीच नसायचं. तो वेळ कुणाचा आहे हे फक्त मला माहीत होतं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकतात, चष्मा ठेवून देतात. या वेळेचं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे काकांनी शटर ओढलं. कडेला आले, बटण दाबलं. हिरवा झाला. त्यांच्या आजूबाजूचे सगळे निघाले. काका निघाले नाहीत. हातात जेवणाचा डबा, नजर समोर, आणि उभे. मला वाटलं चक्कर आली की काय. मी पुढे झालेच होते, आणि मग त्यांनी पाऊल टाकलं, डावं, आणि हळूहळू, त्या ओळखीच्या चालीने ते पलीकडून माझ्याकडे आले. ते फूटपाथवर चढले आणि लाल लागला.

"काका, पाय दुखतात का?"

त्यांना मी तिथे असेन असं वाटलं नव्हतं. जरा ओशाळले. "नाही गे. मला काय झालंय. सवय लागली बघ. तो उभा ऱ्हायचा म्हणून मी उभा ऱ्हायचो. आता एकट्यानं लगेच पाय टाकायला होत नाही. मेष्ट्रूला मागं टाकून गेल्यासारखं होतं."

मी त्यांना तिथेच सांगितलं की तो वेळ कापायचा आहे आणि मीच कापणार आहे. त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "काप की. बशीतली लोकं घरी जायला बघत असत्यात. होगली बिडु," म्हणाले, जाऊ दे म्हणून, आणि माझ्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी मी मॉडेल उघडलं आणि चौथी स्टेज आखूड केली. आकडा बदलायला काही वेळ लागत नाही. पहिल्या पावलाचा वेळ मात्र चिमूटभर ठेवला, आणि साहेबांनी तो काढला नाही. आता आमच्या ऑफिसच्या प्रत्येक सर्कलमध्ये माणसांसाठी तो थोडासा धरतात. नव्या मुली विचारतात हा कशाला, तर साहेब सांगतात, माणसाला निघायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माणूस निघतो हे खरं, पण अप्पा निघाले नसते.

आता संध्याकाळी मी घरी लवकर आले तर काकांच्या दुकानात जाऊन बसते. कॉफी वाटून घेतो. माझी पुस्तकी मराठी ऐकून काका हसतात, मग मी जुनी बोलायला बघते, आठवेल तशी. दुकान बंद झालं की दोघं कडेला येतो. मी बटण दाबते, हिरवा होतो, लोक जातात. आम्ही उभे राहतो. आताचा हिरवा आखूड आहे, बघता बघता लुकलुकायला लागतो, आणि लाल होतो. गाड्या सुटतात.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून म्हटलं, "काका, गेला की आपला हिरवा."

काका समोर बघत होते. "तो मेष्ट्रूचा," म्हणाले. "आपला पुढचा."

मी पुन्हा बटण दाबलं.